बॉनेटखालची ती डबी कुणाची?

पत्र थोडक्यात असं: मिशिगनमधल्या एका वाचकाने, वय ५२, या उन्हाळ्यात एका वयस्कर जोडप्याकडून २००६ ची मोटरहोम, म्हणजे मागे राहायचं घर बांधलेली गाडी, घेतली. फोर्ड ई-४५० चासी, व्ही-१० पेट्रोल इंजिन. आईबाबा भारतातून आलेत आणि ऑक्टोबरमध्ये सगळ्यांनी मिळून ग्रेट स्मोकी माउंटन्सला जायचंय. ऑइल बघायला बॉनेट उघडलं तर आतल्या पत्र्यावर मुठीएवढी एक धातूची डबी दिसली, तिला दोन जाड लाल केबली, दोन बारीक वायरी, आणि शेजारीच टेप गुंडाळलेली एक मोकळी वायर, कुठेच न जाणारी. किल्ली फिरवली की डबीतून टक् असा आवाज येतो, आणि तासभर गाडी चालवली की हात ठेवता येत नाही इतकी ती तापते. लेबल उडालंय. फोर्डच्या मॅन्युअलमध्ये ती नाही, गॅरेजवाला म्हणाला हे आमचं नाही, मित्रांच्या ग्रुपवर सहा जणांनी सहा उत्तरं दिली (एक तर "ट्रॅकर असेल, काढून टाक"), आणि फोटो ओळखणाऱ्या ॲपने ग्लो प्लग रिले (डिझेल इंजिन सुरू करताना ते आतून तापवणाऱ्या प्लगचा स्विच) म्हणून सांगितलं. मोटरहोमच्या डीलरकडची तारीख पाच आठवड्यांनंतरची. बायको म्हणते, काय आहे ते माहीत नाही आणि तापतंय, असली वस्तू घेऊन सासूसासऱ्यांना साडेपाचशे मैल न्यायचं नाही. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, रोज म्हणतात मला बघू दे, पण अमेरिकन गाडीतलं त्यांना काय कळणार आणि ७६ व्या वर्षी कुठे वाकायला लावायचं म्हणून वाचक त्यांना टाळतात. प्रश्न असे की ही डबी काय आहे, काढली तर चालेल का, आणि ट्रिप रद्द करावी का. जाता जाता त्यांनी लिहिलंय की डॅशबोर्डवर 'ऑक्स स्टार्ट' नावाचं एक बटण आहे, ते दाबलं तरी काहीच होत नाही.

नमस्कार,

तुम्ही शेवटी जाता जाता म्हणून जे बटण टाकलंय ना, अहो तिथेच उत्तर आहे. डबीबद्दल दीड पान आणि बटणाबद्दल एक ओळ, पण माझ्या मते ते बटण त्याच डबीचं आहे.

आधी एक साधी गोष्ट करून बघा, पाना नको, मीटर नको. इंजिन बंद, किल्ली काढलेली, गाडीला बाहेरची वीज जोडलेली नाही, जनरेटर बंद. बॉनेट उघडून तिथे कुणाला तरी उभं करा आणि तुम्ही आत बसून ते बटण दाबा. डबीतून टक् आलं, सोडल्यावर परत हलकं टक् आलं, तर तुमचं कोडं जवळजवळ सुटलं. बटण दाबून काही होत नाही असं तुम्हाला वाटलं कारण तुम्ही ते बहुतेक गाडी चालू असताना दाबलं असणार, तेव्हा डबी आधीच लागलेली असते, मग परत टक् कशाचं होणार. आणि बंद असतानाही आवाज नाही आला तर लगेच हिरमुसू नका, वीस वर्षांचं बटण आहे, तेच मेलेलं असू शकतं.

तर ही डबी म्हणजे बॅटरी आयसोलेटर सोलेनॉइड, दोन बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच, असं माझं मत आहे. इंग्लंडकडचे लोक त्याला स्प्लिट चार्ज रिले म्हणतात. काम एवढंच, की गाडी चालू असताना इंजिनची बॅटरी आणि मागच्या घराच्या बॅटऱ्या एकमेकींना जोडायच्या आणि गाडी बंद झाली की तोडायच्या. आपल्याकडे गच्चीवर दोन टाक्या असतात आणि मधे एक कॉक असतो ना, अगदी तसं. मोटर चालू असताना कॉक उघडा, दोन्ही भरतात. मोटर बंद केली की कॉक बंद, म्हणजे खालच्या मजल्यावर रात्री कुणी नळ उघडा ठेवला तरी तुमची टाकी रिकामी होत नाही. इथे मोटर म्हणजे अल्टरनेटर, इंजिनवर फिरून वीज बनवणारा, आणि रात्री नळ उघडा ठेवणारे म्हणजे मागे लाइट लावून पत्ते खेळणारी मंडळी. त्यांनी घराच्या बॅटऱ्या पार संपवल्या तरी सकाळी इंजिन सुरू झालं पाहिजे, त्यासाठी ही डबी. आणि कधी इंजिनचीच बॅटरी बसली तर ते ऑक्स स्टार्ट बटण दाबून धरायचं, म्हणजे कॉक हाताने उघडायचा, घराच्या बॅटऱ्यांकडून थोडी ताकद उसनी घ्यायची आणि सेल्फ मारायचा. इतकं उपयोगी बटण आणि तुम्ही म्हणताय काहीच होत नाही!

आता तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे, ते मला जरा हलवून बघायचंय. तुम्ही धरून चाललात की वस्तू बॉनेटखाली आहे म्हणजे इंजिनची आहे, म्हणून तुम्ही फोर्डचं मॅन्युअल बघितलं, इंजिनवाल्याला विचारलं, आणि दोघांनी नाही म्हटल्यावर वस्तू संशयास्पद ठरली. पण मोटरहोम ही दोनदा जन्मलेली गाडी असते. फोर्डने पुढची केबिन, इंजिन आणि मागे नुसता उघडा सांगाडा एवढंच बनवलं, कागदोपत्रीसुद्धा ते 'अपूर्ण वाहन' म्हणूनच बाहेर पडतं, आणि मग दुसऱ्या कंपनीने त्यावर घर बांधलं. या घर बांधणाऱ्यांपैकी खूप जण इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट भागातले. तर त्या बांधणाऱ्याला घराच्या बॅटऱ्या चार्ज करायला अल्टरनेटरची वीज हवी होती, म्हणून त्याने बॉनेटखाली येऊन आपली डबी ठोकली. फोर्डला ती माहीत नाही कारण फोर्डने ती लावलीच नाही, आणि गॅरेजवाला "हे आमचं नाही" म्हणाला ते शंभर टक्के खरं बोलला. फक्त कुणाचं आहे ते त्याने सांगितलं नाही.

म्हणूनच मला तुमच्या बाबांबद्दलचं वाक्य वाचून हसू आलं, रागावू नका. अमेरिकन गाडीतलं त्यांना काय कळणार? अहो, चासी एकाची आणि बॉडी दुसऱ्याची हे त्या माणसाने नोकरीभर पाहिलंय. एसटीची चासी टाटाची नाहीतर लेलँडची यायची आणि बॉडी दापोडी, चिकलठाणा नाहीतर हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये बांधली जायची. आतले दिवे, घंटी, त्यांची वायरिंग हे सगळं चासीवाल्याच्या कागदात कुठे असणार, ते बॉडीवाल्यांचं. ज्या गोष्टीवर तुम्ही तीन आठवडे अडलात ती त्यांच्या रोजच्या कामातली होती. शिवाय जुन्या डायनामोच्या गाड्यांमधला कटआउट त्यांनी नक्की पाहिला असेल, इंजिन बंद पडलं की बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होऊ नये म्हणून मधे तोडणारा. ही डबी त्याच नात्यातली. त्यांना फक्त दोन गोष्टी सांगून ठेवा. एक, एसटी २४ व्होल्टची, ही १२ ची. दोन, आणि ही महत्त्वाची आहे, काळी वायर दिसली म्हणून अर्थिंग समजू नका. फोर्डच्या भागात काळी म्हणजे अर्थ, पण घर बांधणाऱ्यांच्या वायरिंगमध्ये बऱ्याचदा काळी पॉझिटिव्ह असते आणि पांढरी निगेटिव्ह. एकाच गाडीत दोन भाषा, आणि दोन्हींचा संगम नेमका त्या डबीपाशी.

वाकण्याचं म्हणाल तर स्टूल द्या त्यांना. ई-४५० चं अर्धं इंजिन तसंही बॉनेटमधून दिसतच नाही, दोन सीटच्या मधलं कव्हर काढून आतून बघावं लागतं, तिथे तर खुर्चीत बसून बघता येतं.

बाकीच्या सहा उत्तरांचं काय? ती मंडळी मूर्ख नाहीत, त्यांनी आकार बघून सांगितलं आणि आकार फसवतो. जुन्या फोर्ड गाड्यांमध्ये सेल्फचा रिले बॉनेटखाली बाजूच्या पत्र्यावर अस्साच लावलेला असायचा, अशीच डबी, जाड केबली बसतात ते असेच दोन जाड खिळे. डिझेल गाडीतला ग्लो प्लगचा रिलेही थेट असाच दिसतो, म्हणून ॲपने तसं सांगितलं, फक्त तुमचं इंजिन पेट्रोलचं आहे, त्यात ग्लो प्लगच नसतो, एवढं त्या ॲपला कोण सांगणार. नुसता जवळून काढलेला फोटो दाखवून विचारलं की असंच होतं. वस्तू काय आहे हे तिच्या तोंडावर लिहिलेलं नसतं, तिच्याकडे काय येतं आणि तिच्याकडून काय जातं त्यावरून कळतं.

ही आकाराची फसवणूक मी स्वतः पैसे भरून शिकले आहे. आमची गाडी तुमच्याहून दोन वर्षं जुनी. चार वर्षांपूर्वी ही डबी गेली, मी मोठ्या ऐटीत जुनी डबी पिशवीत घालून जवळच्या पार्टच्या दुकानात गेले, काउंटरवरच्या मुलाने तिच्याकडे बघितलं आणि हुबेहूब तशीच आणून दिली, अगदी भोकंसुद्धा जुळली, आणि स्वस्त! महिन्याभरात ती जळाली. केंटकीत एका कॅम्पग्राउंडवर रात्री दोन वाजता घराच्या बॅटऱ्या बसल्या, हीटरचा पंखा थांबला आणि नवरा दोन कांबळी गुंडाळून माझ्याकडे असा बघत होता की काय सांगू. झालं असं होतं की दिलेली डबी सेल्फची होती. सेल्फच्या डबीला दोन-चार सेकंद काम असतं, ती त्यासाठीच बनवलेली. आयसोलेटरची डबी गाडी चालू असेपर्यंत, सहा सहा तास लागलेली राहते. बाहेरून सारख्या, आतली कॉइल वेगळी. सतत चालणाऱ्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण १५ ओहमच्या आसपास असतो, सेल्फवालीचा ३ ते ५. गणित करा, १४ व्होल्टला १५ ओहम म्हणजे जेमतेम १३ वॉट, आणि ४ ओहम असेल तर ४९ वॉट. मुठीएवढ्या डबीत ४९ वॉट तासन्‌तास, जळणार नाही तर काय.

यावरून तुमच्या तापण्याच्या प्रश्नाकडे येते, कारण वहिनींची काळजी तिथेच आहे आणि ती उगाच नाही. बरोबर जातीची डबीसुद्धा तापते. १३ वॉट आणि वर इंजिनची धग, हात ठेवला तर पाचेक सेकंदांत उचलावा लागतो, हे नेहमीचंच. काळजी कधी करायची? डबीच्या पोटापेक्षा केबलचं टोक जास्त तापत असेल, खिळ्याजवळचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल, जळका वास असेल, किंवा नट हाताने हलत असेल तर. तेव्हा दोष डबीचा नसून सैल नटाचा किंवा केबलच्या टोकाला असलेल्या गंजलेल्या थिंबलचा असतो, आणि आग लागायची ती तिथून लागते. तेव्हा कुठे तापतंय ते आधी बघा. आणि आधीच्या मालकाने माझ्यासारखाच शहाणपणा करून सेल्फवाली डबी लावली नाही ना, हे ओहम मोजून कळेल. कसं ते पुढे सांगते.

काढली तर चालेल का? गाडी चालेल. अगदी मस्त चालेल, आणि फसायला होतं ते तिथेच. ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय ना, काढून बघ गाडी सुरू होते का, तर होणार, कारण इंजिनला या डबीची गरजच नाही. मग तुम्ही म्हणाल बघा, फालतूच होती, आणि निघाल. दुसऱ्या दिवशी रात्री टेनेसीच्या डोंगरात घराच्या बॅटऱ्या रिकाम्या, कारण दिवसभर गाडी चालवूनही त्यांच्यात एक थेंब गेलेला नाही. पाण्याचा पंप बंद. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजलासुद्धा त्याच्या सर्किटसाठी १२ व्होल्ट लागतात, तो बंद. हीटरमध्ये गॅस आहे पण पंखा फिरत नाही म्हणून तोही बंद, ऑक्टोबरच्या थंडीत, आईबाबांसोबत. जनरेटर लावू म्हणाल तर तो बहुतेक गाड्यांत सुरू होतो घराच्याच बॅटरीवर. आणि प्रोपेन गॅस गळती सांगणारा अलार्मही त्याच १२ व्होल्टवर असतो, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. काढायची नाही. आणि काहीजण करतात तसं दोन्ही केबली एकाच बोल्टला एकत्र आवळायच्या तर अजिबातच नाही, मग दोन्ही टाक्या एकत्रच रिकाम्या होणार आणि सकाळी सेल्फही मारता येणार नाही.

आता मोजायचं कसं. वीस-पंचवीस डॉलरचा मल्टीमीटर पुरतो. हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढा. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरं, पण पाना किंवा अंगठी खिळा आणि बॉडीच्या मधे आली तर क्षणात लालभडक होते. मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन इंजिनच्या बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन आळीपाळीने दोन जाड खिळ्यांना. सगळं बंद असताना दोन आकडे वेगळे आले, म्हणजे समजा एकीकडे १२.६ आणि दुसरीकडे १२.३, तर झालं सिद्ध, दोन खिळ्यांवर दोन वेगळ्या बॅटऱ्या आहेत. घराची कुठली हे बघायला कुणाला तरी आत पाण्याचा पंप लावायला सांगा, जो आकडा किंचित खाली येईल ती घराची. मग इंजिन चालू करा, गाडी अंगणात, गॅरेजच्या बाहेर, हँडब्रेक ओढून, चाकाला अडण लावून, बाह्या वर सरकवलेल्या, कुणाची ओढणी नाहीतर पदर पंख्याच्या जवळ नको. दोन्हीकडे १४ च्या आसपास आलं तर डबी तिचं काम करतेय आणि तुम्ही निवांत निघायला मोकळे. एका बाजूला १४ आणि दुसरीला १२.३ च राहिलं तर एकतर डबीला हुकूमच पोचत नाहीये किंवा आतले पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकून वीज जोडणारे धातूचे तुकडे, जळलेत. टक् ऐकू येतं पण आकडे जुळत नाहीत म्हणजे पॉइंट. नीट चालणाऱ्या डबीत घराचे दिवे-पंखे चालू असतानाही दोन खिळ्यांच्या मधला फरक पाव व्होल्टच्या आतच असायला हवा. (काही गाड्यांत थोडा वेळ थांबून मग डबी लागते, बॅटरी आधी सावरू दे म्हणून, तेव्हा दोनेक मिनिटं धीर धरा. आणि काहींत बाहेरची वीज जोडल्यावरही ती लागते, म्हणजे इंजिनची बॅटरीही चार्ज व्हावी. पार्किंगमध्ये नुसत्या विजेवर उभी असताना टक् ऐकून कुणी दचकू नये म्हणून सांगितलं.)

ओहम मोजायचे असतील, नट आवळायचा असेल, किंवा डबी बदलायची असेल, तर मात्र आधी हे वाचा, आणि बाबांनाही वाचून दाखवा, कारण एसटीची सवय एक बॅटरी सोडवली की काम सुरू अशी असेल. या डबीला वीज दोन्हीकडून येते. इंजिनच्या बॅटरीची निगेटिव्ह सोडवली तरी दुसऱ्या खिळ्यावर घराच्या बॅटऱ्या जिवंतच असतात. त्याही सोडवल्या पण गाडी बाहेरच्या विजेला जोडलेली राहिली तर कन्व्हर्टर, म्हणजे त्या विजेचे १२ व्होल्ट करणारं यंत्र, तिथून वीज पाठवतोच. छतावर सोलर असेल तर सूर्यसुद्धा. म्हणून किल्ली काढा, बाहेरची वीज काढा, जनरेटर बंद करा, सोलर असेल तर त्याची जोडणी सोडवा, मग दोन्हीकडच्या निगेटिव्ह सोडवा, आणि मग मीटरने दोन्ही खिळ्यांवर शून्य आहे हे स्वतः बघा. घराच्या बॅटऱ्या बऱ्याचदा दाराच्या पायरीखाली नाहीतर बाहेरच्या एखाद्या कप्प्यात असतात. शून्य दिसल्यावर दोन बारीक वायरी काढायच्या, कुठली कुठे होती त्याचा फोटो काढून, मग मीटर ओहमवर ठेवून त्या दोन बारीक टोकांमध्ये मोजायचं. दहा-वीसच्या मधे आलं तर जात बरोबर. चारच्या आसपास आलं तर बदला, गाडी निघायच्या आधी.

ती मोकळी वायर. तिच्यावरचा टेप सोडून टोक कुठेही टेकू न देता आधी मीटर लावा, किल्ली बंद, किल्ली ऑन, इंजिन चालू, हेडलाइट चालू, अशा सगळ्या वेळी. तिच्यात कधीच वीज येत नसेल तर कुणाच्या तरी काढून टाकलेल्या सामानाची ती उरलेली शेपटी असणार, जुना अलार्म, गाडी ओढण्याचं ब्रेकचं यंत्र, काहीही. व्यवस्थित टोपी लावून, उष्णतेने आवळणारी नळी चढवून, बाजूला बांधून ठेवा. मुळापासून कापू नका, उद्या ती कशाची होती ते कळलं तर? वीज येत असेल तर आधी तिचा फ्यूज शोधा, आणि फ्यूज नसलेली जिवंत वायर निघाली तर तेवढ्यासाठी मेकॅनिकला पैसे द्या, माझी ना नाही.

आता सगळ्यात स्वस्त उपाय, जो तुम्ही केला नाहीत. ज्या आजीआजोबांकडून गाडी घेतली त्यांना फोन करा. तुम्ही लिहिलंय की खूप घासाघीस केली म्हणून आता विचारायला लाज वाटते. अहो, त्यांनी ती गाडी इतकी वर्षं सांभाळली, माझा अनुभव असा की अशा लोकांना गाडीबद्दल कुणी विचारलं तर एक प्रश्न विचारायचा आणि तासभर ऐकायचं. डबी कधी बदलली होती का, ती वायर कशाची, ऑक्स स्टार्ट कधी वापरलं का, आणि सगळी कागदं ज्यात असतात ती जाड पिशवी कुठे ठेवली होती, एवढं विचारा. ही पिशवी नवीन गाडीसोबत येतेच, फ्रिजपासून पंपापर्यंत सगळ्याची पुस्तकं त्यात असतात, आणि लोक ती जेवणाच्या टेबलाच्या सीटखाली टाकून विसरतात. तिथे हात घालून बघितलंत का?

तुमच्यासारखं कोडं ज्यांच्याकडे आहे पण डबी वेगळी आहे त्यांनीही हेच करायचं, वस्तूऐवजी तिच्या वाटा बघायच्या. जाड केबली येत असतील तर करंटचं काम. निळ्या रंगाचा पंखेदार ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि तीन खिळे असतील तर तोही आयसोलेटरच, डायोडवाला, त्यात टक् होत नाही आणि तो साधारण पाऊण व्होल्ट खातो. रबरी होज येऊन गरम पाणी जात असेल तर मागच्या हीटरकडे किंवा आंघोळीच्या पाण्याच्या टाकीकडे जाणारी वाट, ती बंद करण्याआधी विचार करा. बारीक प्लास्टिकची नळी आणि काळा चेंडू असेल तर व्हॅक्युमची टाकी, ती नळी निघाली की एसीची हवा समोरून यायची बंद होऊन काचेकडे जायला लागते. वस्तूवर नंबर असेल तर बघा, फोर्डचा नंबर मधे डॅश असलेल्या तीन तुकड्यांत असतो, तसा नंबर असेल तर चासीवाल्याकडे जा, नसेल तर घर बांधणाऱ्याकडे. घर बांधणाऱ्याचं लेबल वेगळं असतं, त्यावरून कंपनी आणि बांधल्याची तारीख कळते. विनेबागोसारख्यांनी जुन्या मॉडेलचे वायरिंगचे नकाशे इंटरनेटवर फुकट ठेवलेत. फ्लीटवूड, मोनॅको यांची २००९ मध्ये दिवाळखोरी झाली, त्यांच्या गाड्या असतील तर कागद मिळवायला जरा खटपट पडते. आणि एनएचटीएसए या अमेरिकन सरकारच्या वाहन सुरक्षा खात्याच्या साइटवर गाडीचा १७ आकडी-अक्षरी ओळख क्रमांक, व्हीआयएन, टाकून रिकॉल बघाल तेव्हा घर बांधणाऱ्याचं नाव आणि मॉडेल टाकूनही वेगळं बघा, कारण रिकॉल दोघांपैकी कुणाचाही असू शकतो.

फोटो पाठवून विचारायचंच असेल तर तीन पाठवा, लांबून, मधून आणि जवळून, आणि सोबत ते दोन आकडे लिहा, बंद असतानाचे आणि चालू असतानाचे. सहा उत्तरांची दोन होतील.

ट्रिपचं म्हणाल तर मी आत्ताच रद्द करणार नाही. तीन आठवडे आहेत, मोजायला एक सकाळ लागते. आकडे जुळले, टोकं थंड निघाली, ओहम बरोबर आले, की वहिनींना तिथे उभं करून मीटर दाखवा. "काही होत नाही गं" म्हणण्यापेक्षा १४.१ आणि १४.१ दिसलेलं बरं, त्यांनी विचारलेला प्रश्न योग्यच होता आणि तुमच्याकडे आतापर्यंत उत्तर नव्हतं. मग एक दिवस जवळच कुठेतरी पन्नास-साठ मैल जाऊन रात्री तिथेच राहा, हीटर लावून. सकाळी घराची बॅटरी किती उरली, आणि परत येताना किती भरली, ते लिहून ठेवा. भरली नाही तर डबी बदला, तेव्हा दुकानात 'अशीच द्या' म्हणू नका, १२ व्होल्ट आणि सतत चालणारी, कंटिन्युअस ड्यूटी, हे शब्द बोला, जुनीवर बारीक टोकं एक आहे की दोन ते बघून घ्या, आणि खोक्यावर लिहिलेलं स्वतः वाचा. मी आता एक जास्तीची कायम गाडीत ठेवते, चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये. पुढेमागे घराला लिथियम बॅटऱ्या लावायचा विचार असेल तर या डबीच्या भरवशावर लावू नका, त्या अल्टरनेटरला पिळून काढतात, मधे डीसी-टू-डीसी चार्जर लागतो.

आणि रविवारी सकाळी मोजायला बसाल तेव्हा मीटर बाबांच्या हातात द्या, टॉर्च तुम्ही धरा. ती मोकळी वायर कशाची निघाली ते मात्र मला नक्की कळवा, पत्र वाचल्यापासून ती डोक्यातून जात नाहीये.